आजींच्या प्रश्नाचं उत्तर

काचीगुडा, हैदराबाद



परवा ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायावरचं तुझं निरूपण ऐकलं. समोर बोलले असते तर तू लगेच उत्तर दिलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

पाठांतर चोख होतं, वाणीही छान. पण पोथी लाल फडक्यात बांधून आणणाऱ्या त्या आजींनी मध्येच विचारलं, "देव सगळीकडं हाय म्हणतोस, मग मला घरात का जाणवत नाही रे?" तू हसलास, "तो विषय पुढे येईल" म्हणालास आणि पुढची ओवी घेतलीस. आजींनी चष्मा काढून पोथी बांधायला घेतली. तुला ते दिसलं नाही.

त्याच अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना श्रीकृष्ण सुरुवात करतात ती अमानित्वापासून, म्हणजे मानाची हाव नसण्यापासून. अहिंसा, क्षमा, गुरुसेवा सगळं त्यानंतर. ज्ञानेश्वरांनी तर असा ज्ञानी रंगवलाय की त्याला स्तुतीचा जाच होतो, आणि लोकांनी वेड्यात काढलं तर बरंच वाटतं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. मान मिळवायला बसलेल्या माणसाला देवाबद्दल नवीन काही कळणं शक्यच नाही, कारण तो ऐकतच नाही.

आणि ही नम्रता आपल्या गावाला परकी नाही. सतराव्या शतकातले केशवस्वामी भागानगरकर इथलेच. स्वतः अधिकारी पुरुष, कवी. तरी समर्थ रामदास, जयरामस्वामी, रंगनाथस्वामी, आनंदमूर्ती यांच्यासह रामदास पंचायतनात त्यांचं नाव घेतलं जातं. पाचांचे गुरू एक नव्हते, पण मोठेपणाचा वाद कुणी घातल्याचं कधी ऐकलं नाही. पैठणचे एकनाथ घे. पूर्वी पैठण आपल्याच निजामाच्या राज्यात होतं. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचे अशुद्ध पाठ शुद्ध केले. एवढा समर्थ कवी, पण मूळ ग्रंथात आपली ओवी घातली नाही, आणि दुसऱ्या कुणी घालू नये असंही बजावलं. विद्वत्ता याला म्हणतात.

नम्रता म्हणजे "मी अज्ञानी, मी पामर" असं सुरुवातीला म्हणून टाकणं नव्हे. ते तूही म्हणालास.

येत्या गुरुवारी निरूपणाआधी आजींजवळ जाऊन बस. त्यांचा प्रश्न पुन्हा विचारून घे, पूर्ण ऐक. उत्तर येत नसेल तर "आजी, मलाही जाणवत नाही" असं सरळ सांग, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव.

तुझी आत्या