जुनं लेथ पारखताना

प्रश्न : वाळूजमधलं एक जॉबवर्कचं वर्कशॉप बंद होतंय. त्यांचं एचएमटीचं एलबी-17 लेथ विकायला आहे. रंग ताजा, आवाजही चांगला. पण क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं की जवळजवळ पाव फेरा मोकळा जातो. एवढा प्ले असलेलं मशीन घ्यावं का?
— एक वाचक, चिकलठाणा

उत्तर : पाव फेऱ्यावरून सौदा मोडू नका, फार तर त्यावरून भाव पाडा. हा प्ले क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा आणि गनमेटलच्या नटाचा. नट नवा केला की बराचसा जातो. तोवर टूल नेहमी एकाच दिशेनं आत घेतलं तर जॉबला त्याची बाधा होत नाही. मला धास्ती आहे ती ताज्या रंगाची. विकायच्या तोंडावर रंगवलेल्या मशीनपेक्षा तेलकट, कळकट मशीन जास्त खरं बोलतं.

या मशीननं आजवर काय केलं, हे आधी विचारा. 1985मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि आसपासच्या शेडमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची कामं वाढली. बुश, पिना, कॉलर ही सगळी आखूड कामं. तसल्या कामाच्या लेथवर कॅरेज वर्षानुवर्षं चकपुढच्या वीतभर जागेतच येरझाऱ्या घालतं. चिप्स तिथेच पडतात, कास्टिंगची रेती तिथेच सॅडलखाली जाते. बेड तिथे झिजतो आणि टेलस्टॉककडे जवळपास मूळचा राहतो. हा न झिजलेला भाग म्हणजे मशीनवरच मिळालेली तुमची मोजपट्टी. उलट, लांब शाफ्ट ओढणाऱ्या रिपेअरिंगच्या लेथवर झीज दूरवर पसरलेली असते. ती डोळ्याला कमी दिसते.

चकजवळ, सॅडल जिथवर पोचतच नाही त्या कडेला नख फिरवा. पायरी लागली तर झीज आहे. मग कॅरेज चकजवळ आणा आणि बेडखालच्या पकडपट्ट्या किंचित घासतील इतपत कसा. आता हातानं टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झालं तर दोन्हीकडच्या बेडमध्ये फरक आहेच. हा फरक रंगानं झाकत नाही. लीड स्क्रूचंही असंच. हाफ नट लावून चकजवळ आणि टेलस्टॉकच्या टोकाला, दोन्हीकडे कॅरेज हातानं पुढेमागे ढकला आणि डायल गेजवर ढिलाई बघा. दोन्हीकडे सारखी असेल तर हाफ नट झिजलाय, तो बदलता येतो. फक्त चकजवळ जास्त असेल तर स्क्रूच झिजलाय, आणि लांब आट्यांत पिचची चूक येणार.

शेवटी कापून बघा. जाडसर बार फक्त चकमध्ये धरून त्यावर अंतरा-अंतरानं तीन कॉलर ठेवा आणि तिन्हींवरून हलका कट एकाच सेटिंगवर घ्या. मायक्रोमीटर लावा. बार लवत असेल तर मोकळ्या टोकाचा कॉलर जाड येतो. चककडचा जाड आला तर लवण्यावर खापर फोडता येणार नाही. तिन्ही मापं साधारण सरळ रेषेत बदलत असतील तर दोष हेडस्टॉकच्या रोखाचा किंवा बेडच्या पिळाचा, म्हणजे दुरुस्त होणारा. मधलं माप त्या रेषेत बसत नसेल तर झीज धरा.

पण ही परीक्षा लेव्हल लावल्याशिवाय घेऊ नका! मीटरला 0.02 मिमी दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी, दोन्ही टोकांना ठेवा. काळ्या मातीवर पुरेसा पाया न करता उभारलेल्या शेडची फरशी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एका जागी राहत नाही. त्यावरचं निर्दोष मशीनही पिळलेलं निघतं आणि बदनाम होतं.

प्रश्न : बेड 0.1 मिमी झिजला तर व्यास 0.2 मिमीनं बदलतो, असं वर्कशॉपचे सर म्हणतात. पुस्तकात मात्र उभ्या झिजेचा परिणाम नगण्य लिहिलाय. खरं काय?
— आयटीआयचा विद्यार्थी, पैठण

उत्तर : भांडण लावू नकोस, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. टूल सरळ खाली 0.1 मिमी उतरलं तर 50 मिमीच्या जॉबवर व्यास अर्धा मायक्रॉनसुद्धा वाढत नाही; 10 मिमीच्या पिनेवर दोन मायक्रॉन. तेच टूल आडवं 0.1 मिमी मागे आलं तर व्यास 0.2 मिमीनं वाढतो.

खरी गोम अशी की बेड सगळीकडे सारखा खचत नाही. पुढचा व्ही जास्त झिजतो आणि सॅडल कारागिराकडे कलतं. समज, पुढच्या-मागच्या वाटांत 300 मिमी अंतर आहे आणि सेंटरची उंची 200 मिमी. पुढचा व्ही 0.1 मिमी खाली गेला की टूलचं टोक सुमारे 0.067 मिमी बाहेर येतं, म्हणजे व्यासात 0.13 मिमी वाढ. कागदावर त्रिकोण काढ आणि सरांना दाखव.

प्रश्न : बेड ग्राइंड करून घेतला की मशीन नव्यासारखं होईल ना?
— एक कारखानदार, शेंद्रा

उत्तर : बेड होईल, मशीन नाही. ग्राइंडिंगनं सॅडल खाली बसतं, त्याबरोबर एप्रनही. लीड स्क्रू आणि फीड रॉड मात्र हेडस्टॉकच्या बाजूला जिथे होते तिथेच राहतात आणि मग दोन्ही वाकून चालतात. म्हणून सॅडलच्या तळाला टर्साइटची पट्टी चिकटवून, स्क्रेप करून ते मूळ उंचीला आणावं लागतं. टेलस्टॉकही बघावा लागतो. नुसत्या ग्राइंडिंगचं कोटेशन स्वस्त दिसेल. ही कामं त्यात धरलीत का, ते लेखी विचारा. बेड हार्डन केलेला असेल तर हातानं स्क्रेप होणार नाही आणि थर किती उरलाय तेही तपासून घ्या. त्याआधी स्पिंडलवर डायल गेज लावून, लाकडी दांड्यानं तो वर उचलून बघा. बेअरिंग गेली असतील तर पैसे आधी तिथे घाला. बेडचं ग्राइंडिंग पुढच्या वर्षी केलं तरी चालेल.