धुऱ्यावरचा लाल गळ्याचा सरडा

प्रश्न : मूल तालुक्यातल्या आमच्या शेतात, धुऱ्यावरच्या मोहावर, पाठीवर काटे असलेला लालभडक गळ्याचा सरडा दिसतो. तो लांबूनच रक्त शोषतो म्हणून पोरं दगड मारतात. खरंच विषारी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. हा आपला बागसरडा. पाठीवरचे काटे म्हणजे टोकदार खवले. गळ्याची लाली रक्ताची नव्हे, विणीच्या हंगामातल्या नराची. नीट बघा : खोडावर तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो. मादीला रिझवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. झुंजीत हरला की ती लाली झरझर उतरते. मादी मातीत खड्डा उकरून अंडी घालते, वर माती लोटून निघून जाते. नाकतोडे, मुंग्या, अळ्या हे याचं खाणं, म्हणजे तुमच्याच पिकाची राखण. पोरांना आजच थांबवा.