होळीची गाणी: नाचण्याआधी ऐकूया

फाल्गुन लागला की आमच्या पनवेलच्या शाळेत आठवीची मुलं एकच मागणी घेऊन येतात, "बाई, होळीला गाणं बसवू या ना!" गाणं म्हणजे हिंदी सिनेमातलं, हे ठरलेलंच. यंदा मी म्हटलं, बसवू, पण आधी ऐकू. गाण्याच्या आधी आणि नंतर गोष्टीत काय घडतं, तेही शोधू. मराठीच्या दोन तासिका त्यात गेल्या. जाऊ देत.

सुरुवात 'नवरंग'पासून (१९५९) केली. दिग्दर्शक कोल्हापूरचे व्ही. शांताराम, संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपल्याच माणसांनी रंगवलेली हिंदी होळी. 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी बैलाशी झुंजीचा प्रसंग चित्रित करताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली होती. काही काळ डोळ्यांवर पट्टी होती आणि त्यानंतर त्यांनी केला तो हा रंगांचा चित्रपट. हे कळल्यावर वर्ग जरा सावरून बसला.

या गाण्यात संध्या एकटीच दोन सोंगं करते. पुढून पाहिलं तर वाट अडवली गेलेली गोरी, मागून मुखवटा लावलेला खोडकर गडी. गिरकी घेतली की माणूस बदलतो. आवाज मात्र दोन, आशा भोसले आणि महेंद्र कपूर. गाण्यात हत्तीही नाचतो. मुलांना अर्थातच हत्ती आवडला.

मग एका मुलीनं विचारलं, "बाई, ती नको म्हणतेय, तरी तो ऐकत का नाही?"

"मस्करी असते गं ती," मागच्या बाकावरून उत्तर आलं. काही मुली हसल्या नाहीत.

माझ्या टाचणात हा प्रश्न नव्हता. मी तमाशातल्या गौळणीकडे वळले. तिथंही कृष्ण बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतो, पण मावशी त्याला आणि पेंद्याला चांगलीच पुरून उरते. 'नवरंग'मध्ये तर नकार देणारी आणि छेड काढणारा एकच नर्तकी आहे, खेळ सगळा तिच्या हातात आहे. शाळेच्या मैदानात मात्र रंग घेऊन धावणारा वेगळा आणि पळणारी वेगळी. इतकं बोलून मी थांबले, पुढचं मुलांनीच बोलावं म्हणून.

दुसऱ्या तासिकेला 'कटी पतंग' आणि 'शोले'. 'कटी पतंग'मधली नायिका विधवा म्हणून वावरते आहे. सगळे रंगात असताना ती पांढऱ्या साडीत. इथं 'नको' तिचं स्वतःचं नाही, लोकांनी तिच्यावर लादलेलं आहे. मुलांना हा फरक मी न सांगता कळला! 'शोले'त (१९७५) होळीचा दंगा संपतो न संपतो तोच गब्बरची टोळी गावावर चालून येते. आणि पुढे एका आठवणीत, विधवा होण्यापूर्वीची हसरी राधा होळी खेळताना दिसते. तो तुकडा वर्गानं दोनदा बघितला. 'सिलसिला'तलं गाणं मी घेतलं नाही. ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला गुंता आठवीला समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं.

घरचा अभ्यास एवढाच होता: आजी-आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी रंग कधी खेळायचे? बऱ्याच वह्यांत आलं, होळीला लाकडं, पोळीचा नैवेद्य आणि बोंब, दुसऱ्या दिवशी धुळवड, रंग मात्र रंगपंचमीला. उत्तर प्रदेशातून कामोठ्यात आलेल्या कुटुंबातल्या मुलानं लिहिलं, आमच्याकडे होलिकादहनानंतर दुसऱ्याच दिवशी रंग. सिनेमातली होळी ही बहुतेक वेळा त्याच्या आजीची असते, आपल्या आजीची नाही, यावर वर्गात बराच वेळ गंमत चालली.

नाच शेवटी 'नवरंग'चाच बसला, पुठ्ठ्याच्या मुखवट्यासह. होळीच्या आदल्या दिवशी वर्गात गेले तर कोणीतरी फळ्यावर दोन रकाने आखलेले, 'रंग चालेल' आणि 'रंग नको'. ज्यानं त्यानं आपलं नाव लिहायचं. 'नको'खाली नऊ नावं होती. त्यात चार मुलगे असतील, असं मला वाटलं नव्हतं.