बारा तासांची पाळी, सुट्टी मात्र नाही

प्रश्न : लेस्टरच्या एका केअर होममध्ये रात्रपाळी करते. बारा तासांत जेवायलाही सुट्टी मिळत नाही. 'चहा काम करता करताच घ्या' म्हणतात. हे कायद्यात बसतं का? - एक वाचक

उत्तर : नाही बसत. १९९८च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्सनुसार सहा तासांपेक्षा जास्त काम असेल, तर सलग २० मिनिटांची सुट्टी मिळायलाच हवी, तीही कामाच्या जागेपासून दूर. बेल वाजली की उठायचं असेल, तर ती सुट्टी नव्हे. पाळी बारा तासांची असली तरी कायद्याने मिळतात ती वीसच मिनिटं, आणि त्यांचा पगार द्यायचा की नाही हे करारावर. कंजूष कायदा आहे, पण आहे.

केअर होमला एक सवलत आहे. रुग्णांना सोडून जाणं शक्यच नसेल, तर सुट्टी पुढे ढकलता येते. मात्र तेवढीच विश्रांती नंतर द्यावी लागते. मॅनेजर पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा विसरतात. 'तुम्ही मागितलीच नाही' ही सबबही चालत नाही. लंडनच्या एका बस कंपनीच्या खटल्यात २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने सांगितलं, की सुट्टी घेता येईल अशी व्यवस्था करणं मालकाचंच काम.

चुकलेल्या सुट्ट्या तारखेनिशी वहीत टिपा, मॅनेजरला ईमेल करा. उत्तर आलं नाही, तर 'एकास' (Acas) या नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन करा. सल्ला मोफत असतो. न्यायाधिकरणात दावा करायची मुदत छोटी असते, तेव्हा महिनोन्‌महिने थांबू नका.