मुका झालेला भोंगा : सुरक्षा-यंत्रणेच्या बोर्डाची दुरुस्ती

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. अशा गावांतील शाळांच्या संगणक-कक्षांत, पतसंस्थांच्या तिजोरीच्या खोल्यांत आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या दप्तरखान्यांत चोरीची सूचना देणारा विजेचा भोंगा बसविता येतो. रात्रीचा पहारेकरी नेमण्याची ऐपत नसलेल्या संस्थेला हा भोंगा म्हणजेच पहारेकरी होय. तो बसवितानाच चूक होऊन मुका झाला, तर बहुधा नवा बोर्ड मागविण्याचा प्रस्ताव तयार होतो. नाही तर पेटी तशीच भिंतीवर राहते. यातील दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण पेटी दिसत असल्यामुळे सर्वजण निर्धास्त असतात. प्रत्यक्षात अशा बोर्डाचे नुकसान पुष्कळदा दोनचार सुट्या भागांपुरतेच मर्यादित असते आणि ते भाग बदलता येतात.

या यंत्रणेचे मूळ तत्त्व जुने आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप याने १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की मंडल पूर्ण व्हावे आणि घंटा वाजावी, अशी त्याची योजना होती. आजच्या यंत्रणेत बहुधा याच्या उलट व्यवस्था असते : दार बंद असताना मंडल पूर्ण असते, आणि दार उघडले किंवा कोणी तार कापली तर ते तुटून भोंगा वाजतो. पेटीतील ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब १६ ते १८ व्होल्टपर्यंत उतरवितो. पुढे चार डायोड त्या प्रवाहाला एकाच दिशेचा करतात, रेग्युलेटर तो सुमारे १३.७ व्होल्टवर स्थिर ठेवतो आणि त्यावर १२ व्होल्टची बंदिस्त बॅटरी भारित राहते. दुसरा लहान रेग्युलेटर ५ व्होल्ट तयार करतो. सर्व निर्णय घेणारी चिप या ५ व्होल्टवर चालते.

आता मुख्य चुकीकडे वळू. आपल्याकडील वायरमनचा हात घरगुती विजेवर बसलेला असतो. दिवा किंवा पंखा जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली, तरी दिवा पेटतो आणि पंखा फिरतो. बॅटरीच्या बाबतीत ही सवय चालत नाही. त्यात रंगांचा घोटाळा आहे. घरगुती जोडणीत काळी तार न्यूट्रलची, तर बॅटरीच्या जोडणीत ती ऋण टोकाची. आणि तांबड्या तारेचे वेटोळे संपले म्हणजे हाताला लागेल त्या रंगाची तार वापरली जाते. परिणामी बॅटरी उलटी जोडली जाते. दोष एकट्या कारागिराला देणे योग्य नाही. पेटीच्या झाकणावर मराठीत ठळक खूण असती, तर पुष्कळ बोर्ड वाचले असते.

बॅटरी उलटी जोडली गेल्यास बोर्ड वाचावा, अशी सोय चांगल्या बोर्डात केलेली असते. बॅटरीच्या वाटेवर एक फ्यूज असतो आणि त्याच्या पुढे धन व ऋण या दोन टोकांमध्ये एक डायोड आडवा घातलेला असतो. जोडणी सुलट असताना हा डायोड स्वस्थ असतो. उलट होताच तो सर्व प्रवाह स्वतःतून जाऊ देतो, फ्यूज वितळतो आणि पुढील भाग बचावतात. खरे नुकसान होते ते यानंतर. फ्यूज उडाला एवढेच पाहून कोणीतरी त्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा बसवितो आणि बॅटरी पुन्हा तशीच लावतो. ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरीसुद्धा अशा वेळी क्षणभर कित्येक दहा अँपिअर प्रवाह देऊ शकते. डायोड जळतो, बोर्डावरील तांब्याची पट्टी उखडते, कधी धूर निघतो. डायोड आतून तुटला, तर उलटा दाब थेट रेग्युलेटरपर्यंत आणि तेथून चिपपर्यंत पोहोचतो.

दुरुस्तीचा क्रम प्रवाहाच्या या वाटेनेच ठेवावा. प्रथम २३० व्होल्टचा पुरवठा मुख्य स्विचपासून बंद करावा, मग बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि कपॅसिटरमधील भार उतरण्यासाठी काही मिनिटे थांबावे. पेटीतील ट्रान्सफॉर्मरच्या भागाला वीजतंत्र्याखेरीज कोणी हात लावू नये. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून मगच बोर्ड बाहेर काढावा. काळवंडलेली जागा, फुगलेला कपॅसिटर आणि तडकलेला डायोड साध्या डोळ्यांनीही दिसतो. बाकीचे मल्टिमीटर सांगतो. चांगला डायोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवितो, दुसऱ्या दिशेने काहीच दाखवीत नाही. दोन्ही दिशांनी शून्य आले, तर तो निकामी झाला असे समजावे. मात्र बोर्डावर बसविलेल्या भागाचे मोजमाप शेजारच्या भागांमुळे फसवे ठरते, म्हणून संशयित भागाचा एक पाय सोडवून पुन्हा मोजावे. नवा डायोड जुन्याच क्षमतेचा असावा आणि त्यावरील पट्ट्याचे टोक धन बाजूकडे यावे.

उखडलेल्या पट्टीच्या बाबतीत घाई केली जाते. जळून कोळसा झालेला बोर्डाचा भाग स्वतःच वीज वाहू लागतो. तो पूर्णपणे खरवडून काढल्याशिवाय वरून तार जोडण्यात अर्थ नाही. खरवडल्यानंतर जागा स्पिरिटने पुसावी, दोन्ही बाजूंचा हिरवा लेप काढून तांबे उघडे करावे आणि कल्हई केलेली जाड तार डाग देऊन बसवावी. फ्यूज बोर्डावर छापलेल्या किंमतीचाच घालावा.

यानंतर बॅटरी सरळ लावून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. धन तारेच्या वाटेत मालिकेने स्कूटरच्या मागील दिव्याचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब जोडावा आणि भोंग्याची तार सोडून ठेवावी. हा बल्ब सुमारे ०.४ अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ देत नाही. तो पूर्ण प्रकाशाने पेटला, तर आत कोठेतरी जोड अजून आखूड झालेला आहे. तो जेमतेम तांबूस झाला किंवा पेटलाच नाही, तर लहान रेग्युलेटरच्या निर्गमावर ५ व्होल्ट मिळतात का ते मोजावे. हा रेग्युलेटर स्वस्त असतो आणि बाजारात सहज मिळतो. ५ व्होल्ट मिळूनही बोर्ड निश्चेष्ट राहिला, तर चिप गेली असावी. तिच्यात निर्मात्याने आज्ञावली भरलेली असते. त्याच क्रमांकाची कोरी चिप आणून उपयोग होत नाही. येथे दुरुस्ती थांबवून बोर्ड निर्मात्याकडे पाठविणे अथवा त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करणे समर्थनीय ठरते. त्याआधी मात्र जडसंग्रह नोंदवहीतून वस्तू कमी करण्याची घाई करू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा व्यवसाय शिकलेल्या तरुणाला वरील सर्व तपासण्या करता येतात. शाळा-समितीने अशा तपासणीचा दोन ओळींचा लेखी अभिप्राय प्रस्तावासोबत मागितला, तर अनाठायी खर्चाला आळा बसेल.

बोर्ड चालू झाला, तरी भिंतीवर बसविण्यापूर्वी आणखी एक चूक तपासावी. दारापर्यंत जाणाऱ्या तारेच्या शेवटी एक ठराविक ओहमचा रोधक बसवावयाचा असतो. तो पाहून बोर्ड तार तुटली आहे की मुद्दाम जोडून टाकली आहे, हे ओळखतो. श्रम वाचविण्यासाठी हा रोधक दाराजवळ न बसविता पेटीतच बसविला जातो. मग दाराकडील दोन तारा एकमेकींना जोडून दार उघडले, तरी भोंगा वाजत नाही आणि कार्यालयात कोणाला पत्ताही लागत नाही. पडताळणी सोपी आहे : भोंगा सुरू ठेवून दाराजवळच्या तारा क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात, भोंगा वाजला पाहिजे. हे पाहिल्यावर बॅटरीचे धन व ऋण, फ्यूजची किंमत, रोधकाचे ओहम आणि पडताळणीची तारीख एका कागदावर मराठीत लिहून तो पेटीच्या दाराला आतून चिकटवावा.