शालेय आरोग्य तपासणी आणि वर्गशिक्षक

भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदा शहरात झाली. त्यापूर्वी तीनच वर्षे, म्हणजे १९०६ मध्ये, सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. मुलांना सक्तीने शाळेत आणावयाचे, तर ती शिकण्याइतकी निरोगी आहेत की नाहीत हे पाहणेही ओघानेच आले. हा पायंडा मात्र फार दूरवर पोहोचला नाही. देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे भोर समितीला १९४६ मध्ये नमूद करावे लागले.

आज परिस्थिती पालटली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. या कार्यक्रमानुसार जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फिरत्या पथकांमार्फत करण्यात येते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात दोष, पोषणातील कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब हे तपासणीचे चार विषय होत. पथक एक दिवस येऊन जाते. मूल मात्र वर्षभर वर्गशिक्षकाच्या डोळ्यांसमोर असते. त्यामुळे या कार्यक्रमाचे यश बरेचसे शिक्षकाच्या निरीक्षणावर अवलंबून आहे.

दृष्टिदोषाचेच उदाहरण घ्यावे. ज्या मुलाला लहानपणापासून दूरचे अंधुकच दिसते, त्याला इतरांना स्पष्ट दिसते याची कल्पनाच नसते. साहजिकच ते तक्रार करीत नाही. ते डोळे बारीक करते, फळ्यावरचे न लिहिता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, सायंकाळी डोके दुखते म्हणते. आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो. असा शेरा लिहिण्यापूर्वी दृष्टितक्ता सहा मीटर अंतरावर टांगून मुलाची नजर पाहावी. एक डोळा तळहाताने, दाब न देता, झाकावा व दुसरा तपासावा. दोन्ही डोळे उघडे ठेवल्यास चांगला डोळा अधू डोळ्याचे उणे झाकून टाकतो. अधू डोळ्यावरील उपचार जितक्या लहान वयात होतील तितके गुणकारी ठरतात. मुलाला पहिल्या बाकावर बसविणे ही तात्पुरती सोय झाली, उपाय नव्हे. चष्मा मिळाल्यावरही वर्गात चेष्टा होते म्हणून तो दप्तरातच राहतो. ही चेष्टा थांबविणे कोणत्याही वैद्यकीय पथकाला शक्य नाही. ते शिक्षकालाच साधते.

रक्तक्षयाचेही असेच आहे. निस्तेज चेहरा, थोड्या धावण्याने लागणारी धाप आणि दुपारच्या तासाला येणारी झापड यांना आळस समजले जाते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत रक्तातील हिमोग्लोबिन डेसिलिटरला ११.५ ग्रॅमहून कमी असल्यास रक्तक्षय मानतात. ‘ॲनिमियामुक्त भारत’ या २०१८ च्या मोहिमेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी निळी लोहगोळी आठवड्यातून एकदा देण्याचे ठरले. गोळी जेवणानंतर, शिक्षकांसमोर घ्यावयाची असते. शौचाचा रंग काळसर होतो, क्वचित मळमळते. हे आधी सांगितले नाही तर भ्यालेले पालक पुढच्या आठवड्यापासून गोळी बंद करवितात. गोळीसोबत चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, जेवणात लिंबू वा आवळा असल्यास अधिक शोषले जाते, हेही पालकसभेत सांगण्याजोगे आहे. जंतांमुळे रक्तक्षय बळावतो, म्हणून २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यात येतो. परंतु शौचालयाजवळ पाणी आणि साबण नसेल तर जंत पुन्हा होतात.

तपासणीत दोष आढळलेल्या मुलाला पुढील उपचारासाठी रुग्णालयात पाठविले जाते. उपचार विनामूल्य असले तरी मजुरी करणाऱ्या पालकाचा त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि चिठ्ठी घरातच पडून राहते. अशा मुलांची नावे वर्गशिक्षकाने वेगळ्या वहीत लिहून ठेवावीत, महिनाभराने कोण जाऊन आले याची चौकशी करावी आणि राहिलेल्यांची यादी पथकाच्या डॉक्टरांना कळवावी.