चित्रवाहिनीला प्रेक्षक कोठून मिळतो?

(शिक्षक, ग्रामसेवक, स्वयंसहाय्य गट व प्रसिद्धी कार्यकर्ते यांच्यासाठी अभ्यासपाठ)

२००५ साली यूट्यूब सुरू झाले, तेव्हा सामान्य माणसाने स्वतःची चित्रवाहिनी काढावी ही कल्पनाच नवलाची होती. आज ती खेड्यापाड्यांतही अंगवळणी पडली आहे. शाळेतील गुरुजी गणिताचे पाठ चित्रित करतात, स्वयंसहाय्य गटातील भगिनी लोणच्या-पापडांच्या कृती दाखवितात, भजनी मंडळे आपल्या सप्ताहाचे चित्रण जतन करतात, आणि शासकीय खात्यांचे कर्मचारी शेती व आरोग्यविषयक माहितीच्या चित्रफिती तयार करतात. परिश्रम होतात, वेळ खर्ची पडतो. परंतु पाहणाऱ्यांचा आकडा पाहिला, की उत्साह मावळतो.

याच्या मुळाशी बहुधा दोन चुकीच्या समजुती असतात. चित्रफीत चांगली असली म्हणजे लोक आपण होऊन ती पाहतील, ही पहिली. आणि चित्रफितीचा दुवा दिसेल त्या ग्रुपवर पाठविला म्हणजे प्रसिद्धीचे काम संपले, ही दुसरी. पहिल्या समजुतीने वाहिनी एकाकी राहते. दुसरीने ती लोकांना नकोशी होते. ज्या माणसांना आपला विषय खरोखर हवा आहे, ती आधीच कोठेतरी एकत्र जमून परस्परांना प्रश्न विचारीत असतात. व्हॉट्सॲपवरील बागायतदारांचा ग्रुप, फेसबुकवरील पालकांचा किंवा नाट्यरसिकांचा समूह, ही अशी ठिकाणे होत. त्यांना या पाठात आपण 'चर्चागट' म्हणू. अशा गटाचा उपयोग कसा करावा आणि कसा करू नये, हे समजावून घेणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

एक अनुभव

माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि त्यानंतर लगेचच सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचा उपद्रव झाला. रानातील गोचीड चावल्याने हा ताप माणसाला येतो, आणि काजूचा हंगाम व या तापाचा हंगाम यांची वेळ एकच. बोंडू वेचावयास जाणाऱ्या मजुराला त्यामुळे सर्वाधिक धोका संभवतो.

काही वर्षांपूर्वी या विषयावर एक चित्रफीत तयार करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. रोगाचा इतिहास, गोचिडाचे जीवनचक्र, लक्षणे, मान्यवरांचे आवाहन असे सर्व काही तीत होते. ती वाहिनीवर ठेवली, दुवा अनेक ग्रुपांवर धाडला, आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानात पंधरवडा लोटला. तपासून पाहता ती पाहणारे बहुतेक सर्व कार्यालयातीलच होते! ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या काजू बागायतदारांपर्यंत आणि मजुरांपर्यंत ती पोचलीच नव्हती.

एका शिक्षकमित्राने मग आपल्या गावच्या बागायतदारांच्या ग्रुपमधील संभाषण वाचावयास दिले. तेथे लोक याच विषयावर बोलत होते. मात्र त्यांचे प्रश्न निराळे होते. अंगाला चिकटलेला गोचीड ओढून काढावा की नाही? रानातून आणलेला पाला गोठ्यात पसरावा काय? मेलेले माकड दिसल्यास कोणाला कळवावे? यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्या चित्रफितीत पहिल्या काही मिनिटांत मिळत नव्हते. शिवाय 'रानात जाणे टाळा' असा उपदेश आम्ही केला होता. त्यावर एका बागायतदाराने विचारले, "रानात गेलो नाही, तर वर्षाचे पोट कसे भरावे ते साहेबांनी सांगावे."

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. 'रानात जाऊ नका' हे बाजूला ठेवून 'रानात जाताना काय कराल' या विषयावर दोन-दोन मिनिटांच्या छोट्या चित्रफिती केल्या. अंग झाकणारे कपडे घालावेत. आरोग्य केंद्रात मिळणारे किडे दूर ठेवणारे तेल उघड्या अंगाला लावावे. परत आल्यावर गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करून कपडेही गरम पाण्यात धुवावेत. गोचीड चिरडू नये, चिमट्याने धरून सरळ ओढावा. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य किंवा वन खात्यास कळवावे. ताप आल्यास अंगावर न काढता लगेच आरोग्य केंद्र गाठावे. बोलणारी व्यक्तीही बदलली. अधिकाऱ्याऐवजी त्याच भागातील काजू बागायतदार भगिनी पडद्यावर आली. ग्रुपवर ज्याने जो प्रश्न विचारला होता, त्याला त्याच प्रश्नाखाली आधी चार ओळींत उत्तर लिहिले आणि मग चित्रफितीचा दुवा दिला. या वेळी लोकांनी ती पाहिली, पुढे पाठविली आणि नवे प्रश्न विचारले. विषय तोच, वाहिनीही तीच; प्रेक्षकाकडे जाण्याची वाट तेवढी बदलली होती.

पुण्याचा जुना प्रयोग

ज्या गोष्टीचा आम्हाला उशिरा बोध झाला, तिचा पडताळा मराठी मुलुखात फार पूर्वीच घेतला गेला होता. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून 'रेडिओ ग्रामीण श्रोतामंडळां'चा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील १५० गावांत सुमारे वीस-वीस जणांची मंडळे स्थापन झाली. शेती, आरोग्य, शिक्षण आदी विषयांवरील २० कार्यक्रम या मंडळांनी एकत्र बसून ऐकले. कार्यक्रम संपला म्हणजे रेडिओ बंद करून लगेच न उठता त्यावर चर्चा करावयाची, निमंत्रकाने तिचा वृत्तांत केंद्राकडे धाडावयाचा आणि शक्य ते गावात करून पाहावयाचे, अशी पद्धत होती.

टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत प्रा. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना त्यांनी केली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असलेली गावे त्या मानाने फारच मागे राहिली. म्हणजे यंत्र दोन्हीकडे सारखेच असूनही परिणामात अंतर पडले ते चर्चेमुळे. प्रसारण एकट्या माणसाच्या कानावरून निघून जाते. चार ओळखीच्या माणसांत त्यावर बोलणे झाले म्हणजे ते मनात ठरते. पुढे १९५९ पासून ही श्रोतामंडळे देशभर पसरविण्यात आली, ती याच अनुभवाच्या बळावर.

'हा कोणत्या गावचा?'

पुढील धडा कर्नाटकातून मिळतो. २००६ साली बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात 'डिजिटल ग्रीन' हा प्रकल्प आकारास आला. स्थानिक शेतकऱ्यांनाच घेऊन छोट्या चित्रफिती करावयाच्या आणि गावातील लहान गटांसमोर, मध्येमध्ये थांबून प्रश्नोत्तरे करीत, त्या दाखवावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. १६ गावांत घेतलेल्या चाचणीत, नेहमीच्या विस्तार कार्यपद्धतीच्या तुलनेत काही शेतीपद्धती स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सातपट आढळले.

या प्रकल्पाचे प्रवर्तक रिकिन गांधी यांनी नोंदविलेले एक निरीक्षण उद्बोधक आहे. चित्रफीत पाहताना शेतकरी पहिला प्रश्न विचारतात तो तंत्राविषयी नसतो. पडद्यावरील शेतकऱ्याचे नाव काय आणि तो कोणत्या गावचा, हे त्यांना आधी जाणून घ्यावयाचे असते. आपल्यासारखाच कोणी हे करतो आहे अशी खात्री पटल्याखेरीज विश्वास बसत नाही. चर्चागटातही हेच घडते. दुवा कोणी दिला हे लोक आधी पाहतात, दुव्यात काय आहे ते नंतर.

चर्चागटात वागण्याची रीत

वरील अनुभवांवरून पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१. गट निवडावा. सदस्यसंख्येच्या मोहात पडू नये. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. परंतु केवळ शुभप्रभातीचे संदेश फिरणाऱ्या भल्यामोठ्या ग्रुपपेक्षा, ज्यात माणसे खरे प्रश्न विचारतात असा पन्नास जणांचा ग्रुप अधिक मोलाचा.

२. आधी वाचावे, मग बोलावे. गटात प्रवेश मिळताच आपला दुवा टाकणे म्हणजे परक्याच्या घरी उंबरठ्यावरूनच विक्री सुरू करणे होय. किमान पंधरवडाभर तेथील संभाषण वाचावे. कोणते प्रश्न वारंवार येतात, लोक कोणते शब्द वापरतात, हे वहीत टिपावे. हीच टिपणे पुढील चित्रफितींचे विषय होत. चित्रफितीचा मथळाही शक्यतो लोकांच्याच शब्दांत असावा.

३. नियम पाळावेत. पुष्कळ गटांत जाहिरातीस मनाई असते. ॲडमिनची परवानगी आधी घ्यावी आणि वाहिनी आपली स्वतःची आहे हे न लपविता सांगावे. त्रयस्थ असल्याचे भासवून स्वतःच्याच चित्रफितीची स्तुती करणे हा अप्रामाणिकपणा होय. तो उघडकीस आल्यास गेलेला विश्वास परत मिळत नाही.

४. दहात एक हे प्रमाण ठेवावे. रेडिट या प्रसिद्ध चर्चास्थळावर एक जुना संकेत होता, की आपण लिहितो त्यापैकी दहाव्या हिश्शाहून अधिक मजकूर स्वतःच्या कामाकडे बोट दाखविणारा नसावा. हा संकेत कोणत्याही गटास लागू पडण्याजोगा आहे. नऊ वेळा इतरांच्या उपयोगी पडावे, तेव्हा दहाव्या वेळी आपला दुवा द्यावा.

५. उत्तर आधी, दुवा नंतर. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच थोडक्यात लिहावे. ज्यास अधिक पाहावयाचे असेल तो दुवा उघडील. लांब चित्रफीत असल्यास नेमक्या त्या मिनिटापासून सुरू होणारा दुवा देण्याची सोय यूट्यूबवर आहे. तिचा उपयोग केल्यास पाहणाऱ्याचा वेळ व मोबाइलचा डेटा दोन्ही वाचतात.

६. प्रश्न परत आणावा. गटात आलेल्या शंकेचे उत्तर पुढील चित्रफितीत द्यावे आणि ते दिल्याचे गटास कळवावे. आपला प्रश्न पडद्यावर गेला हे ज्याने पाहिले, तो वाहिनीचा कायमचा प्रेक्षक होतो. पुण्याच्या मंडळांत निमंत्रकाच्या वृत्तांताचे जे महत्त्व होते, तेच येथे या देवाणघेवाणीचे आहे.

टाळावयाच्या गोष्टी

'तुम्ही माझे सबस्क्रायबर व्हा, मी तुमचा होतो' अशा देवघेवीचे गटही असतात. यूट्यूबच्या नियमांत असा प्रकार निषिद्ध आहे. शिवाय अशा प्रेक्षकास आपल्या विषयाशी काहीच कर्तव्य नसते. एकच मजकूर सरसकट सर्वत्र पाठविणेही टाळावे. अफवांना आळा घालण्यासाठी व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये एक संदेश एका वेळी पाच जागीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच जागी पाठविता येतो. आपला दुवा अशा संदेशांच्या पंगतीत बसला, तर लोक तो न उघडताच पुसून टाकतात.

आरोग्य, पीकसंरक्षण व शासकीय योजना या विषयांत तर दुप्पट दक्षता हवी. औषधाचे प्रमाण, अर्जाची मुदत, अनुदानाची अट हे सर्व संबंधित खात्याकडून पडताळून घ्यावे आणि चित्रफितीत तारीख सांगावी. चूक झाल्यास ज्या गटात दुवा दिला, त्याच गटात ती कबूल करावी. रुग्ण, लहान मुले वा अडचणीत सापडलेले कुटुंब यांचे चित्रण संमतीवाचून कदापि दाखवू नये.

मोजमाप कसे करावे?

यूट्यूबच्या स्टुडिओ या भागात प्रेक्षक कोठून आले आणि चित्रफितीच्या कोणत्या क्षणी ते सोडून गेले, हे दिसते. गटातून आलेले प्रेक्षक बहुधा 'बाह्य' स्रोतांत मोजले जातात. पहिल्या अर्ध्या मिनिटातच बहुसंख्य लोक निघून जात असतील, तर दोष प्रेक्षकांचा नसून आपल्या प्रास्ताविकाचा आहे असे समजावे. मिळकतीचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे सार्वजनिक प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींची १ कोटी दर्शने, अशी अट आहे. ती लहान वाहिनीस सहजसाध्य नाही. तीच एकमेव फूटपट्टी मानल्यास निराशा पदरी येईल.

खरे मोजमाप निराळे आहे. एखाद्या वाडीवरील मजूर रानातून परतताच आंघोळ करू लागला, एखाद्या मुलीला न सुटणारे गणित सुटले, विस्मरणात चाललेली एखादी आरती तरुणांनी पुन्हा बसविली, तर ती वाहिनी सफल झाली. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. ती ऐकून माणसे पारावर जमत आणि तेथे तिचा अर्थ उकलत. दवंडीचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आले आहे. पाराची जागा चर्चागटांनी घेतली आहे. त्या पारावर बसून आधी ऐकण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याचे बोलणे ऐकावयास माणसे आपण होऊन थांबतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील किंवा शाळेतील एका वाहिनीची शेवटची पाच चित्रणे पाहा. त्यांपैकी किती चित्रणे लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात?

२. आपण ज्या चर्चागटाचे सदस्य आहात, तेथे पंधरा दिवसांत वारंवार आलेले तीन प्रश्न टिपा. त्यांतील एकावर दोन मिनिटांच्या चित्रफितीचा आराखडा लिहा.

३. रेडिओ असूनही श्रोतामंडळ नसलेली गावे मागे का राहिली? आजच्या मोबाइलच्या संदर्भात आपले मत ग्रामसभेत किंवा वर्गात मांडा.